ओहोटीचा तास

रत्नागिरी,
ता. १२ जून १९३२

प्रिय गोदा हीस सगुणाचा सप्रेम नमस्कार.

शाळा उघडली. यंदा मोठ्या बाईंनी वेळापत्रक माझ्यावर टाकलं आहे. आधी ज्या बाई ते करायच्या त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी जुना तक्ता हातात दिला. तो तसा का आहे हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आहेत. एक चिठ्ठी म्हणजे एक तास. आज रविवार, सकाळपासून चटईवर मांडत बसले आहे. खिडकी उघडली की भूगोल उडून इतिहासावर जातो, लावली की जीव गुदमरतो. इथे येऊन दोन वर्षं झाली तरी या दमट हवेची सवय होत नाही.

तीन वर्ग आहेत, इंग्रजी पहिली ते तिसरी. गणित सक्तीचं, रोज एक तास. त्याला हात लावायचा नाही असा नियमच आहे, आणि नसता तरी मी कुणाला लावू दिला नसता. नवीन एवढंच की यंदापासून प्रत्येक मुलीने एक ऐच्छिक विषय घ्यायचा, असं कमिटीने ठरवलं. शिवण आहेच. तिच्या जोडीला गायन ठेवावं असं मी सुचवलं. मोठ्या बाईंनी विचारलं, शिकवणार कोण? मी तुझं नाव सांगितलं.

पूर्ण वेळेची जागा व्हायची तर तिन्ही वर्गांत गाण्याचे तास रोज बसले पाहिजेत. ते बसवणं माझ्या हाती आहे.

तू येशील का? ट्रेनिंग कॉलेजात हौदावर कपडे धुताना तू गायचीस आणि मी शेजारी उदाहरणं तोंडाने सोडवायचे. त्याला चार वर्षं झाली. इथे मी दिवसभर शाळेत बोलते आणि संध्याकाळी कुलूप काढलं की थांबते. घरमालकीण मथुराकाकू मला ‘घाटावरची’ म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतक्या जवळून.

उत्तर लवकर पाठव.

सगुणा


नाटे,
ता. ३ जुलै १९३२

प्रिय सगुणा हीस,

पत्र उशिरा मिळालं. आगबोटी बंद झाल्यापासून टपाल पायी येतं आणि भिजून येतं. तुझ्या अक्षराला काही झालं नाही. तू अजून पेन्सिलीने लिहितेस ते बरं.

इथे होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या आहेत. बापये सगळे घरात. ते ओटीवर जाळी विणत बसले की मुलींना बसायला जागा राहत नाही, म्हणून पावसाळ्यात माझी शाळा भरलेली असते. नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या की घरं रिकामी होतात आणि मुलींना घरकामाला ठेवून घेतात. मी तेव्हाचं सगळं अवघड आताच शिकवून टाकते.

अंकगणित शिकवायचे ते मास्तर मालवणकडे गेले. आता तेही माझ्याकडे. तू हसशील. पण हौदावर तुझी उदाहरणं ऐकून मला बरंच आलं होतं, हे आता कळतं. अपूर्णांक शिकवताना मी खोबऱ्याची वाटी फोडते. तास संपला की मुली अपूर्णांक खाऊन टाकतात.

गाण्याचं म्हणशील तर सकाळची प्रार्थना असते. मुली म्हणतात, मी टाळ्या देते.

मी येईन का, हे तू विचारलंस. ती ओळ मी पुन्हा वाचली, मग पत्र डब्यात ठेवलं आणि परत काढून वाचली. माझी खोली कुठली असेल? खिडकी कोणत्या बाजूला? मला इथे समुद्राकडची आहे आणि तिचा कंटाळा आला आहे. रस्त्याकडची असली तर माणसं जाताना दिसतील.

तुझी
गोदा


रत्नागिरी,
ता. ३१ जुलै १९३२

प्रिय गोदा,

खिडकी रस्त्याकडचीच आहे. मथुराकाकूंच्या माडीवर माझ्या शेजारची खोली रिकामी होती, ती मी धरून ठेवायला सांगितली. काकूंनी विचारलं, येणारी कुठली? नाट्याची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “म्हणजे आपल्यातली.”

तासांचं जमलं. अडचण हॉलची होती. दुपारी हॉल मराठी शाळेकडे असतो, म्हणजे गाणं सकाळीच व्हायला हवं. आणि सकाळ सगळी सक्तीच्या विषयांनी भरलेली. चिठ्ठ्या किती वेळा मांडल्या असतील. शेवटी जुन्या तक्त्याकडे बघत होते तेव्हा सुचलं. शिवण आजवर दिवसाच्या शेवटच्या तासाला होती. तिथे गणित नेलं आणि गणिताच्या जागी सकाळी दोन्ही ऐच्छिक विषय आणले. नुसती अदलाबदल. गणिताची एकही चिठ्ठी कमी झाली नाही. मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या मोजल्या आणि सही केली.

एकवीस मुलींनी गाणं घेतलं आहे. तू येईपर्यंत त्या हॉलमध्ये बसून शुद्धलेखन लिहितात. त्यांतली काशी नावाची मुलगी रोज विचारते, गाण्याच्या बाई कुठवर आल्या? जणू तू चालत येते आहेस.

शेवटच्या तासाला वर्ग थोडा पेंगतो, पण ते चालायचंच. खाडीपलीकडच्या काही मुली मात्र अधूनमधून तास अर्धा झाला की दप्तर उचलतात. त्यांत हमिदा म्हणून एक आहे, दुसरीत. गलबतावरच्या तांडेलाची मुलगी. गणितात सगळ्यांत चांगली, म्हणून मला जास्त राग आला. मी रागावले तर म्हणाली, “बाई, पाणी उतरतं.” मी म्हटलं, पाणी उतरेल नाहीतर चढेल, तू खाली बस. ती बसली नाही. नमस्कार करून गेली.

कमिटीची बैठक पुढल्या महिन्यात आहे. अर्ज पाठव. मजकूर मी लिहून सोबत जोडला आहे, तू नुसती सही कर.

सगुणा


नाटे,
ता. २४ ऑगस्ट १९३२

प्रिय सगुणा,

अर्ज सही करून पाठवला आहे. तो करताना काय वाटलं ते लिहीत नाही.

पुनव झाली, होड्या गेल्या. गावात आता बायका, म्हातारे आणि कुत्रे. शाळेत आज पाच मुली होत्या. रस्त्याकडची खिडकी डोळ्यांसमोर येते. मी तिच्यात काय ठेवीन हेसुद्धा ठरवलं आहे. तांब्या.

एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या खाडीवर पूल नाही ना? माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, आहे. ओहोटी लागली की ही तर चिखलात बसते. मग पाणी चढेपर्यंत, म्हणजे अंधार पडेपर्यंत, या काठावर थांबावं लागतं. एकट्या मुलीला ते कोण करू देईल? ओहोटी रोज वेगळ्या वेळी येते, पण पंधरवड्यातले काही दिवस ती बरोबर शाळा सुटायच्या वेळेला गाठते. त्या दिवसांत हमिदा अर्धा तास टाकून जाणारच. ती तुला खरं तेच सांगत होती गो.

तुझ्या आधीच्या बाई इकडच्या असणार. म्हणून त्यांनी शेवटी शिवण ठेवली. शिवण अर्धी राहिली तर पिशवीत घालून घरी नेता येते. गणित घरी न्यायला ते आधी समजलेलं असावं लागतं.

तू घाटावरची, तुला कोणी सांगितलं नसेल. पण आता मी सांगितलं.

गोदा


रत्नागिरी,
ता. ९ ऑक्टोबर १९३२

प्रिय गोदा,

लिहायला उशीर झाला. सहामाही परीक्षा होती.

आधी चांगलं. जागा मंजूर झाली. दिवाळीनंतर कमिटीपुढे तुझं गाणं व्हायचं आहे, ते झालं की नेमणूक. सेक्रेटरी म्हणाले, आम्हाला काही कळत नाही, पण ऐकल्याशिवाय घेतलं असं कुणी म्हणू नये. फार नाही, एखादं पद आणि एक भजन. आगबोटी सुरू झाल्या आहेत. नोव्हेंबरच्या बारा तारखेच्या बोटीने जैतापूरहून नीघ. मी बंदरावर येईन. खोलीला चुना दिला आहे.

ओहोटीचं तू लिहिलंस ते मी धोंडू शिपायाला विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पूर्वेला सूर्य उगवतो का असं विचारलं. म्हणजे खरं आहे.

हमिदा गणितात नापास झाली. जे तास तिला पुरे मिळाले त्यांतलं सगळं बरोबर, बाकी कोरं. व्याजाच्या प्रश्नावर तिने नुसता प्रश्नाचा आकडा घातला आहे. तिचा बाप सुलेमान तांडेल मलबारकडे गेला आहे. जाताना सांगून गेला की वार्षिक परीक्षेत कुठल्याही विषयात नापास झाली तर शाळा बंद. शाळा सुटल्यावर शिकवावं तर तिला तरीची वेळ गाठायची असते. सकाळी लवकर बोलवावं तर तिला घरचं पाणी भरायचं असतं.

मला काय करायला हवं ते मला दिसतं. पण आता अदलाबदल परत केली तर गाणं हॉलमधून जातं, आणि गाणं गेलं की जागा जाते. आधी नेमणूक होऊन जाऊ दे. तू आलीस की दोघी चटईवर बसून नीट मांडू. महिन्याभराचा प्रश्न आहे.

तू उत्तरात हो एवढंच लिही.

सगुणा


रत्नागिरी,
ता. १४ नोव्हेंबर १९३२

गोदा,

तुझं हो आलं होतं, म्हणून बंदरावर गेले. बोट लांब उभी राहिली. उतारू घेऊन लहान पडाव धक्क्याला लागले. मी प्रत्येक पडावातली माणसं पाहिली. शेवटच्यात टोपल्या होत्या. बोटीने शिट्टी दिली तरी मी उभी होते, कारण आणखी एखादा पडाव मागे राहिला असेल असं वाटलं.

कमिटीची माणसं साडेपाचपर्यंत हॉलमध्ये बसली. काशीने आणि इतर मुलींनी फुलं आणली होती.

तुला बरं नाही का? एवढं तरी कळव.

सगुणा


नाटे,
ता. २२ नोव्हेंबर १९३२

प्रिय सगुणा,

मला बरं आहे. गेल्या वर्षी नव्हतं. मुदतीचा ताप आला होता, ते तुला लिहिलं नाही. ताप गेला, आवाज घेऊन गेला. बोलण्यापुरता आहे. वर चढवायला गेले की फाटतो. वैद्य म्हणाले होते वर्षभरात येईल. मी वर्ष वाट पाहिली. रोज पहाटे विहिरीवर कोणी नसताना एकदा आवाज लावून बघायचे. ऑगस्टमध्ये अर्ज पाठवला तेव्हाही वाटत होतं, दिवाळीपर्यंत येईल. मग बघायचं सोडलं.

पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. पण मी खिडकीचं विचारून बसले. मग खोलीला चुना दिलास. ती पत्रं थांबली असती. मी त्या खोलीत पूर्ण पावसाळा राहिले आहे सगुणा. कोपऱ्यात तुझ्या चिठ्ठ्यांची चटई होती. तू येता-जाता माझ्यावर ओरडायचीस की पाय पडेल.

बारा तारखेला मी जैतापूरला गेले होते. विठू गाडीवान ट्रंक उतरवून गेला. मी ट्रंकेवर बसले. वाटलं, जाऊन त्यांच्यापुढे उभी राहीन आणि तोंड उघडीन, मग जे होईल ते. पडाव भरला. खलाशी म्हणाला, “बाय, येतंस की बसतंस?” मी बसले.

आता माझं ऐक. माझ्यासाठी धरून ठेवलेला तास सोड. गणित सकाळी ने. मार्चपर्यंत वेळ आहे. ती मुलगी हुशार आहे असं तू म्हणतेस, तर पुरेल.

पण गाणं सगळं काढू नकोस. तू चिडलीस की सगळंच काढून टाकतेस. शनिवारी तुमची शाळा सकाळचीच असते, हॉल रिकामा असेल. एक तास तिथे ठेव. गाण्याच्या बाई नसल्या तरी चालतं. इथे वर्षभर नाहीत.

रागावली असशील. रागाचं पत्र आलं तरी चालेल.

गोदा


रत्नागिरी,
ता. १६ एप्रिल १९३३

प्रिय गोदा,

पाच महिने लिहिलं नाही. राग होता. मग तो कधी गेला कळलं नाही, आणि नंतर लिहायला काही सुचेना. राग असताना निदान रोज मनात तुझ्याशी बोलत तरी होते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात गणित सकाळी नेलं. कमिटीने जागा रद्द केली. सेक्रेटरी मोठ्या बाईंना म्हणाले, यापुढे मैत्रिणींची शिफारस नको. मोठ्या बाईंनी मला एवढंच विचारलं की शेवटच्या तासाला शिवण आधीपासून होती ती का हलवली होती. मी म्हटलं, मला कारण माहीत नव्हतं. ते खरं होतं, ऑगस्टपर्यंत.

हमिदा खूप झटली. पण मागचं राहिलेलं भरताना पुढचं निसटत होतं. वार्षिक परीक्षेत गणितात दोन गुणांनी गेली. पेपर मीच तपासला. दोन गुण कुठे देता येतील म्हणून पुन्हा पाहिला. नव्हते.

निकालानंतर मी तिच्या घरी गेले. तरीत पहिल्यांदाच बसले. पाणी चढत होतं. सुलेमान अजून समुद्रावर आहे. तिची आई रझियाबी दारात सुकी मासळी उलटत होती. तिने हात पुसले, मला पाट दिला, शहाळं दिलं. मी सांगितलं की पोरीची चूक नाही, तास मी चुकीच्या वेळी ठेवला होता, अजून एक वर्ष द्या. ती ऐकत होती पण बघत होती माझ्याकडे, माझ्या कपाळाकडे, हातांकडे. म्हणाली की हमिदाच्या बापाचा शब्द आहे, आणि शिकून तरी पुढे काय. मग विचारलं, तुमच्या घरी कोण असतं?

मी म्हटलं, कोणी नाही.

“रात्री भीती नाही वाटत?”

गोदा, इथल्या तीन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. कमिटीनेही नाही, मथुराकाकूंनीही नाही. मी नेहमी वर्गात असते तशी सरळ बसून नाही म्हणणार होते.

“वाटते,” मी म्हटलं.

तिने हातातली मासळी उलटली. मग म्हणाली, “आठ महिने घरात बापया नसतो. मलाही वाटते. कोणाला सांगायचं?”

हमिदा आत भिंतीला टेकून ऐकत होती. रझियाबीने तिला पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाली की जूनमध्ये पाठवते, त्याला मी सांगेन. तेवढंच. मी किती आकडेमोड करून गेले होते, त्यातलं काही कामाला आलं नाही.

हमिदा काठापर्यंत सोडायला आली. तरीत चढताना म्हणाली, “बाई, गणित सकाळीच ठेवा हां. नाहीतर पाणी परत उतरेल.” आणि हसली. मला रागावता आलं नाही. तिने विचारलं, गाण्याच्या त्या बाई येणार होत्या, त्यांचं काय झालं? मी सांगितलं, त्या गणित शिकवतात.

शनिवारचा तास ठेवला आहे. तक्त्यात बाईंच्या नावाची जागा कोरी आहे. काशी सुरुवात करते, बाकीच्या मागून म्हणतात. मी कोपऱ्यात बसते. मला सूर कळत नाही हे तुला माहीत आहे. मी टाळ्या देते.

रस्त्याकडची खोली मथुराकाकूंनी एका कारकुनाला दिली. तो खिडकी कधी उघडत नाही. माझी खोली मी मोजून पाहिली. चिठ्ठ्यांची चटई गुंडाळली तर दुसरं अंथरूण बसतं. सुट्टी मे अखेरपर्यंत आहे, बोटीही तोवर आहेत. जूनचं वेळापत्रक मांडायचं आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक बंदरावरून मागून आणलं, पण ते मला वाचता येत नाही.

गायला नको. ये.

सगुणा


नाटे,
ता. २७ एप्रिल १९३३

प्रिय सगुणा,

कोष्टक मला येतं.

मेच्या सहा तारखेच्या बोटीने निघते. विठूला गाडीचं सांगितलं आहे. या वेळी ट्रंक आणत नाही, एक गाठोडं आणि तांब्या. जैतापूरला बसायला काही नसेल.

गोदा